दुसरा उकार

काकांचा उजवा हात कानाच्या वर जायचा बंद झाला, हे सगळ्यात आधी काकूच्या लक्षात आलं. सकाळी शर्ट घालताना ते वाकायला लागले होते. उजवी बाही आधी चढवायची, मग बाकीचा माणूस त्यात शिरवायचा. काकूने विचारलं तर म्हणाले, शर्ट आटलाय. आठवड्याभरात त्यांचे सगळेच शर्ट आटले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे पाठचे भाऊ. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं ते गिअरबॉक्सचं काम करत होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी लिफ्टवर चढली की मिस्त्री सुटला. जमिनीवर लोळणं सुटतं हे खरं, पण मग दिवसभर गाडीच्या पोटाखाली शरण आल्यासारखे हात वर करून उभं राहायचं. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा हलवून बघितला आणि सांगितलं, आखडलाय. हात डोक्याच्या वर नेण्याचं काम बंद करा, नाहीतर वर्षाभरात तो जिथे आहे तिथेच राहील. काका म्हणाले, बरं. आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्यांच्या ‘बरं’मागे एक हिशोब होता. वर्कशॉपचे हेड मिस्त्री उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. हेड मिस्त्रीला काचेची केबिन असते, फिरती खुर्ची असते आणि टेबल छातीच्या खाली असतं. तिथे हात वर करायची वेळ येते ती फार तर पंख्याचं बटण दाबताना. हेडनंतर मिस्त्र्यांमध्ये सगळ्यात जुने काकाच होते. त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत खांदा कसाबसा ओढायचा आणि मग त्याला खुर्चीत बसवायचा, असं काकूने ठरवलं होतं. रोज रात्री तेल चोळताना ती त्या खांद्याशीच बोलायची. थोडेच महिने, म्हणायची.

वर्कशॉपमध्ये काकांचं नाव होतं टक. गाडीत जिथे जिथे वायर येऊन मिळते तिथे एक प्लग असतो, आणि तो नीट बसला की बारीकसा आवाज येतो. टक. काका तो आवाज ऐकल्याशिवाय हात काढत नसत. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला असे प्लग असतात की तिथे डोकं शिरत नाही, दिवा पोचत नाही. नुसता हात घालायचा, बोटांनी खाच शोधायची, अंगठ्याने दाबायचं आणि थांबायचं. हाताला डोळे असतात, काका म्हणायचे, डोळ्याला हात नसतात. शेजारी कुणी हातोडा मारत असला तर ते त्याला थांबवत. सगळं वर्कशॉप क्षणभर गप्प व्हायचं. टक. मग पुन्हा गोंगाट. सव्वीस वर्षांत त्यांचा एकही प्लग सैल निघाला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, इतका त्यांना तिचा अभिमान होता.

मला गाडी त्यांनीच शिकवली. मी पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना दांडा खसकन ओढायचे. ते म्हणायचे, “दुसरा ओढायचा नसतो मास्तरीणबाई, बोलवायचा असतो.” मी तेव्हा साहित्यात एम.ए. करत होते, त्यामुळे मी मास्तरीणबाई. गिअर अलगद बसला की ते म्हणायचे, “पडला.” त्यांचं म्हणणं असं, की पहिला गाडीला नुसता उठवतो आणि चौथा नुसता पळवतो. वळणावर, चढावर, गर्दीत, जिथे खरं ओझं असतं तिथे दुसराच ओढतो. नाव मात्र त्याचं कुणी घेत नाही.

हिवाळ्याच्या शेवटी वर्कशॉपमध्ये एक गाडी आली. बसकी, गडद निळी, दोनच माणसांची. अशा गाडीतून तरुण मुलगा उतरेल असं वाटतं, पण उतरल्या पन्नाशीच्या एक बाई. त्या भूलतज्ज्ञ होत्या. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता स्वतःला थोडं जागं करावं म्हणून ही गाडी घेतली, असं त्या म्हणाल्या. त्यांची तक्रार एका ओळीची होती. “मी दुसरा मागते, गाडी चौथा देते.”

मालकांच्या भाच्याने गाडीला संगणक लावला. त्याने या कामाचा कोर्स केला होता आणि वर्कशॉपमध्ये त्याला लॅपटॉप म्हणत. पडद्यावर काहीच दोष दिसला नाही. लॅपटॉपने डॉक्टरबाईंना समजावलं, की हा बिघाड नव्हे, सोय आहे. पहिल्या गिअरवर हळू चालवून तुम्ही दांडा दुसऱ्याकडे नेलात, की गाडी दुसऱ्याची वाट आपणहून बंद करते आणि दांडा घसरून चौथ्यात जातो. त्याने इंधन वाचतं.

“म्हणजे बिघाड कारखान्यातूनच बसवून दिलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

काका त्यांच्याबरोबर एक फेरी मारून आले. सिग्नल सुटला, गाडी हळू निघाली, बाईंनी दांडा खाली ओढला, आणि तो भिंतीला लागल्यासारखा थांबून बाजूला सरकला. वळणावरच गाडीचा जीव गेला. मागच्यांनी हॉर्नचा गजर केला. काकांनी परवानगी विचारून दांड्यावर हात ठेवला, दोनतीनदा तेच करून बघितलं आणि म्हणाले, “घरच्याच माणसाने दार लावून घेतल्यासारखं वाटतं.”

मालकांच्या आईच्या ऑपरेशनला याच बाईंनी भूल दिली होती. त्यामुळे मालकांनी काकांना बाजूला घेतलं. ती सोय काढायला गाडीच्या कंपनीची सक्त मनाई होती. गाडी एका लिटरला किती जाते याचा आकडा कागदोपत्री त्या सोयीवर उभा होता, आणि ती काढून टाकली हे कळलं तर वर्कशॉपची एजन्सी जाऊ शकत होती. मालक म्हणाले, आपल्या माणसाचं काम आहे, करून टाका.

काम पंधरा मिनिटांचं होतं. गिअरबॉक्सच्या अंगाला एक छोटी खीळ असते, तीच दुसऱ्याची वाट अडवते. तिचा प्लग काढला की खीळ मेली. पण नुसता काढला तर गाडीला कळतं आणि समोर दिवा पेटतो. म्हणून त्या वायरीच्या तोंडात एक नकली प्लग बसवायचा, म्हणजे गाडीला वाटतं खीळ जागेवर आहे. नकली प्लग वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनने बनवून दिला. त्याला सगळे करंट म्हणत. तो आणि काका एकाच वर्षी कामाला लागलेले. करंट म्हणाला, भूल देणाऱ्या बाईंच्या गाडीलाच भूल देतोय आपण. काकांनी हात घातला, खांद्याची कळ दातांखाली दाबली आणि आवाजाची वाट पाहिली. टक.

मग त्यांनी जॉबकार्ड घेतलं आणि लिहिलं: दुसरा मोकळा केला. जुना प्लग बाजूला बांधून ठेवला आहे.

मालकांनी लिहू नका असं म्हटलं नव्हतं. म्हणायचं नसतं; ते समजून घ्यायचं असतं. लॅपटॉपने अशा तीन गाड्या गुपचूप करून दिल्या होत्या आणि तिन्ही कार्डांवर लिहिलं होतं, धुतली. पण काकांना ज्या जुन्या हेड मिस्त्रींनी शिकवलं होतं त्यांचा एक नियम होता: जे हातानं केलं ते हातानं लिहायचं, कारण उद्या ही गाडी दुसरा कुणी उघडणार आहे आणि त्याने आपल्याला शिव्या देता कामा नयेत. काकांच्या हातातून काम आणि शब्द एकामागोमाग येत. मध्ये विचार करायची जागा नव्हती.

महिन्याभराने कंपनीचे साहेब तपासणीला आले. गठ्ठ्यातली कार्डं चाळता चाळता ते एका कार्डावर थांबले.

“हा दुसरा कोण?” त्यांनी मालकांना विचारलं. “आणि तो कुणाच्या कैदेत होता?”

मालक हसले म्हणे, पण एकटेच.

त्या रविवारी दुपारी काका-काकू आमच्याकडे आले. काकूच्या पिशवीत कोरे कागद होते, त्यावरून कळलं की यायचं काकूने ठरवलंय. कंपनीने लेखी खुलासा मागितला होता. खुलाशात काय असावं ते मालकांनी सांगून ठेवलं होतं. दुसरा गिअर जड पडत होता, तो तेलपाणी करून मोकळा केला, आणि ते करताना एका प्लगची जोडणी चुकून राहून गेली. बस. कंपनीचं समाधान होईल, गाडी बोलावून पूर्ववत करू, आणि उन्हाळ्यात केबिन तुमची. मालक ‘केबिन तुमची’ म्हणाले होते की ‘केबिनचं बघू’ म्हणाले होते, यावर दोघांचं वाटेतच भांडण झालं होतं. काकू म्हणत होती तुमची. काका काही म्हणत नव्हते.

“हिच्याकडून लिहून घ्या,” काकूने माझ्याकडे बोट केलं. “तुमच्या शब्दांनी काय होतं ते बघितलं.”

मी दहा मिनिटांत मसुदा लिहिला. चांगला झाला होता. मला तो अजून पाठ आहे, विसरायचा प्रयत्न करूनही. ‘सदर काम करीत असताना एका प्लगची जोडणी माझ्याकडून नजरचुकीने सैल राहिली, याबद्दल मी दिलगीर आहे.’ मी मोठ्याने वाचून दाखवलं. काकूने मान डोलावली. बाबा वर्तमानपत्राआडून छान म्हणाले. काका म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

“नजरचुकीने म्हणजे?”

“म्हणजे मुद्दाम नाही. बघायचं राहून गेलं.”

“पण तिथे नजर जातच नाही,” काका म्हणाले. ते वाद घालत नव्हते, मला नीट माहिती देत होते. “हातानं करायचं काम आहे ते. नजर चुकायला आधी पोचायला तर पाहिजे.”

मी म्हणाले, “काका, ही नुसती लिहायची पद्धत आहे.”

“मग हातचुकीनं लिही.”

“तसा शब्द नाही.”

“नाही ना?” ते म्हणाले. “कारण तसं होत नाही.”

मग काकू बोलली. ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. “शब्द उशाला घेऊन झोपणार आहात? रात्री कूस बदलताना तुम्ही कण्हता ते मी ऐकते, शब्द नाही ऐकत.” बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते म्हणाले, लिहून टाक रे, कोण वाचतंय.

काका बाबांकडे बघत राहिले आणि हसले. “आमच्या घरातही हीच सोय होती, मास्तरीणबाई,” ते मला म्हणाले. “पहिल्यावरून थेट चौथा.” चार भावंडांतले पहिले माझे बाबा, त्यांना आजोबांनी कॉलेजला घातलं. चौथे धाकटे काका, ते इंजिनियर झाले आणि परदेशी गेले. मधली आत्या लग्न होऊन गेली. आणि दुसरा सोळाव्या वर्षी एका गॅरेजमध्ये नटबोल्ट धुवायला लागला, कारण तेव्हा इंधन वाचवायची गरज होती. बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. मी ज्या टेबलावर लिहीत होते ते, खिडकी, माझी पुस्तकांची दोन कपाटं, हे सगळं त्या वाचलेल्या इंधनावर चाललेलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळलं, आणि तरी मी पेन पुढे केलं.

खुलासा स्वतःच्या अक्षरात हवा होता, म्हणून काका उतरवून घ्यायला बसले. त्यांचं अक्षर मोठं, सुटं, जॉबकार्डाच्या रकान्यांची सवय झालेलं. ‘नजरचुकीने’पाशी त्यांनी चूला मोठा, लफ्फेदार उकार दिला. मी म्हटलं, इथे पहिला उकार.

“चूक लिहिताना दुसरा असतो ना? शाळेत मार खाल्लाय त्यावर.”

मी समजावलं. नुसती ‘चूक’ असेल तेव्हा दुसरा. पुढे काही जोडलं, चुकीने, चुकीचा, की पहिला होतो.

“म्हणजे चूक एकटी असेल तर दुसरा,” काका म्हणाले, “आणि कुणी सोबतीला आलं की पहिल्यांदा दुसऱ्याला काढायचं.”

“नियम आहे.”

“असणारच,” ते म्हणाले. त्यांनी कागद फाडला, दुसरा घेतला आणि पहिल्यापासून सगळं लिहून काढलं. सही केली. सही करताना त्यांचा हात टेबलावरच होता, तरी त्यांनी कळ दातांखाली दाबली.

खुलासा कंपनीला पटला. एजन्सी वाचली. मालकांनी काकांच्या पाठीवर थाप मारली, नेमकी उजव्या बाजूला. काकूने दोन महिने तेल चोळताना खांद्याला तारीख सांगितली.

उन्हाळ्यात हेड मिस्त्री निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. फिरती खुर्ची रिकामी होती. दोघे उभेच राहिले. पुढचं काकांनी आम्हाला एकदाच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी मालकांचा आवाज काढला नाही, आपलाच ठेवला.

मालक म्हणाले, “तुमचा कागद कंपनीच्या फायलीत आहे. प्लग सैल सोडणारा माणूस हेड केला, तर उद्या साहेबांना मी काय तोंड दाखवू?”

काका म्हणाले, “कागद तुम्हीच मागितलात.”

“मागितला,” मालक म्हणाले. “पण दिला तुम्ही.”

खुर्चीत लॅपटॉप बसला. तो वाईट मुलगा नव्हता. पहिल्या दिवशी त्याने काकांना चहा पाजला आणि सांगितलं की हे मामांचं ठरलेलं होतं, माझ्या हातात काही नव्हतं. काका म्हणाले, तुझ्या हातात कधीच काही नसतं, म्हणून तर तू वर गेलास. हे त्याला समजलं नाही. पण आठवड्याने नवा नियम भिंतीवर लागला: गिअरबॉक्सच्या कामात प्रत्येक प्लग बसवल्यावर दुसऱ्या माणसाने तपासायचा आणि कार्डावर सही करायची. नियमात नाव कुणाचं नव्हतं. गिअरबॉक्सचं काम एकटे काका करत होते.

तपासायला करंटला नेमलं. सुरुवातीला तो गाडीखाली यायचा, हात वर करून नुसता कान खाजवायचा आणि सही करायचा. काका म्हणायचे, तपास की. तो म्हणायचा, तुझं तपासायचं म्हणजे सूर्य उगवला का ते घड्याळात बघायचं. पण बाकीच्यांना विनोद सापडला होता. कुणी पाना खाली पाडला की म्हणायचं, नजरचुकीनं पडला. कुणी उशिरा आलं की नजरचुकीनं झोप लागली. मग ते नावच झालं. ओ नजरचूक, इकडे बघा जरा. सव्वीस वर्षांचं टक एका महिन्यात पुसलं गेलं. पुसलं ते माझ्या शब्दाने. चांगला शब्द होता, शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे लिहिलेला.

काकू आमच्याकडे येईनाशी झाली. एकदा जिन्यात भेटली तेव्हा मी खांद्याचं विचारलं. ती म्हणाली, “आहे तिथेच आहे.” मग दोन पायऱ्या उतरून थांबली. “तुझी भाषा मात्र फार चांगली आहे हो.” मी तिथेच उभी राहिले. तिची पिशवी कठड्याला घासत खालपर्यंत गेल्याचा आवाज येत राहिला.

डॉक्टरबाई मधले काही महिने गाडी घेऊन परगावी होत्या, त्यामुळे निळी गाडी पूर्ववत करायचं राहून गेलं होतं. ती आली ती पावसाळा संपता संपता. कंपनीचं पत्र त्यांना गेलं होतं. त्या काउंटरवर म्हणाल्या, की एवढे महिने गाडी माणसासारखी वागली, आता तिला पुन्हा आजारी का पाडताय? लॅपटॉप म्हणाला, मॅडम, मागच्या वेळी आमच्या मिस्त्रींकडून चूक झाली होती. बाईंनी काचेतून वर्कशॉपमध्ये बघितलं. “ज्यांनी ती बरी केली ते?” त्यांनी विचारलं. लॅपटॉपने फॉर्म पुढे केला.

हे आणि यापुढचं मला करंटने सांगितलं. त्यालाही ते कुणाला तरी सांगायचं होतं.

गाडी लिफ्टवर चढली. काकांनी आपला नकली प्लग काढला. काढायला सोपा असतो. मग बाजूला बांधून ठेवलेला जुना प्लग सोडवला. जसा बांधला होता तसाच होता, गाठीसकट. तो जागेवर बसवायला हात पार वर, गिअरबॉक्सच्या पाठीमागे न्यावा लागतो. हात कानापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरलं आणि ढकलून वर दिलं, जड सामान माळ्यावर चढवावं तसं. बोटं पोचली. खाच सापडली. अंगठा लागला. करंट जवळच होता. त्याने बघितलं की काकांच्या कपाळावर घाम आलाय आणि डोळे मिटलेत. मागे कुणीतरी चाक ठोकत होतं. काकांनी त्याला थांब म्हटलं नाही. गेल्या महिन्यांत ते म्हणायचं त्यांनी सोडलं होतं, कारण म्हटलं की हसू पिकायचं. थोड्या वेळाने त्यांनी हात काढला.

“बसला,” ते म्हणाले. “कर सही.”

करंट म्हणाला, त्या दिवशी मला काय झालं माहीत नाही. लॅपटॉप केबिनच्या काचेतून बघत होता, म्हणून असेल. नेहमीसारखा कान खाजवायला वर नेलेला हात त्याने खरोखर आत घातला, प्लगला बोट लावलं आणि उगाच थोडं दाबलं.

टक.

चाक ठोकणारा नेमका तेव्हाच थांबला होता. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. आवाज करंटच्या हातातून आला होता, आणि काकांचे दोन्ही हात खाली होते, फडक्यात पुसून झालेले.

करंट पटकन म्हणाला, माझाच धक्का लागला, आधीच बसला होता. काका म्हणाले, बसलेला प्लग वाजत नाही. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि उलटसुलट करून बघितला, एखाद्या गिऱ्हाइकाने आणून दिलेला पार्ट बघावा तसा. लॅपटॉप केबिनमधून बाहेर आला नाही. कुणी विनोद केला नाही. करंट म्हणाला, कुणी केला असता तर मी त्याला मारला असता, पण कुणी केला नाही, हेच जास्त वाईट होतं.

कार्डावर करंटने लिहायला घेतलं, ‘तपासले, ठीक.’ काकांनी कार्ड त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, जे झालं ते लिहायचं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले, पेन काढलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

मी तेव्हा वाचनालयाच्या पायऱ्यांवर होते. कामाच्या वेळात काकांचा फोन कधी येत नाही, म्हणून मी लगेच उचलला. पलीकडून हवेच्या पंपाचा आवाज येत होता.

“मास्तरीणबाई, एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच. “नुसतं नजरचूक लिहायचं असलं, पुढे काही न जोडता, तर चूला पहिला की दुसरा?”

“दुसरा,” मी म्हणाले. “का हो, काय झालं?”

“काही नाही, कार्ड भरतोय. दुसराच ना? नक्की?”

“नक्की.”

पंप मध्येच बंद पडला आणि पलीकडे एकदम शांत झालं. कागदावर पेन टेकल्याचं मला ऐकू आलं. उकार त्यांनी मोठा काढला असणार, लफ्फेदार, कारण त्याला वेळ लागला.

“पडला,” काका म्हणाले, आणि फोन ठेवला.